आत्याच्या पिशवीतले नऊ दावे: विधी व न्याय मंत्र्यांना खुले पत्र

मा. विधी व न्याय मंत्री,
महाराष्ट्र राज्य

स. न. वि. वि.

माझ्या आत्याच्या कापडी पिशवीत रेशनकार्डाशेजारी नऊ दाव्यांचे कागद आहेत. शेताशेजारच्या एका गृहस्थाने आधी बांध कोरल्याचा दावा लावला, मग पाटाच्या पाण्याचा, मग वहिवाटीच्या रस्त्याचा, मग शिवीगाळीची फिर्याद. टिकला एकही नाही. पण एक फेटाळला की दुसऱ्याचं समन्स येतंच. पहिल्या एसटीने तालुक्याला जायचं, पुकारा होईपर्यंत व्हरांड्यात बसायचं आणि पुढची तारीख घेऊन परतायचं. दारात मोटारसायकल थांबली की आत्या आता हातातलं काम टाकून आधी ती पिशवी शोधते.

साहेब, यावर आपल्या राज्यात कायदा आहे. तापदायक दाव्यांना आळा घालण्यासाठी महाराष्ट्राने तो १९७१ साली केला. कुणी सवयीने, सबळ कारणाशिवाय दिवाणी वा फौजदारी प्रकरणं दाखल करत असेल, तर त्याचं म्हणणं ऐकून उच्च न्यायालय त्याच्यावर बंधन घालू शकतं. मग बृहन्मुंबईत उच्च न्यायालयाच्या आणि इतरत्र जिल्हा व सत्र न्यायाधीशांच्या परवानगीशिवाय त्याला नवं प्रकरण दाखल करता येत नाही. दार बंद होत नाही, फक्त आत येण्याआधी कारण दाखवावं लागतं. मद्रासच्या १९४९ च्या अशाच कायद्याला सर्वोच्च न्यायालयाने १९६५ मध्ये वैध ठरवलं, तेही याच आधारावर.

अडचण एका ओळीत आहे: असं बंधन घाला म्हणून उच्च न्यायालयात अर्ज फक्त महाधिवक्त्यांनी, म्हणजे राज्य सरकारच्या सर्वोच्च वकिलांनी करायचा. आत्याने मुंबईला त्यांच्यापर्यंत पोचायचं कसं? तालुक्याच्या कोर्टात मी दोन वकिलांना विचारलं. एकाने कायद्याचं नाव ऐकलं होतं, एवढंच.

दुसरा उपाय दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ३५अ चा. खोट्या, त्रासदायक दाव्याबद्दल भरपाई मिळते, पण जास्तीत जास्त तीन हजार रुपये. हा आकडा १९७६ च्या दुरुस्तीतला आहे. मोठ्या व्यापारी वादांसाठी २०१५ मध्ये ही मर्यादा काढून टाकली, बांधाच्या भांडणाला मात्र ती अजून लागू आहे. तीन हजारांत आत्याचा एका दाव्याचा वकीलसुद्धा भागत नाही.

खरी तक्रार घेऊन पुन्हा पुन्हा कोर्टात जावं लागणारा गरीब माणूस या बंधनात सापडता कामा नये, हे मला पक्कं ठाऊक आहे. म्हणून हुकूम उच्च न्यायालयानेच द्यावा. पण उच्च न्यायालयाच्या परवानगीने पीडितालाही अर्ज करता येईल, अशी दुरुस्ती आपण विधिमंडळात आणावी. तोवर महाधिवक्त्यांकडे विनंती कशी करायची, कोणते कागद जोडायचे, हे गरजूंना मोफत कायदेशीर मदत देणाऱ्या प्रत्येक तालुका विधी सेवा समितीच्या फलकावर मराठीत लावायला सांगावं. कलम ३५अ ची मर्यादा राज्यापुरती वाढवण्याचाही प्रस्ताव मांडावा.

आत्याची पुढची तारीख याच महिन्यात आहे. त्या समितीचा फलक कोर्टाच्या व्हरांड्यातल्या तिच्या बाकासमोरच आहे.

आपला नम्र,
तिचा भाचा