क्लच हायड्रॉलिक करा, पण चेसिसला हात लावू नका

मा. संपादक,

जुन्या जीपला हायड्रॉलिक (दांड्यांऐवजी ऑईलच्या दाबावर चालणारा) क्लच बसवताना चेसिस कापून वेल्डिंग केले जाते, ते थांबावे म्हणून हे पत्र. २०२१च्या केंद्रीय नियमांनुसार ५० वर्षांहून जुनी गाडी व्हिंटेज ठरते ती मूळ रूपात असेल आणि चेसिस, बॉडी, इंजिनात मोठा फेरफार नसेल तरच. क्लचचा सिलिंडर धरणारा कंस (ब्रॅकेट) वेल्डिंगऐवजी नटबोल्टने बसवला की काम भागते.

बदलाची गरज मात्र खरी आहे. या जीपमध्ये पेडलचा जोर क्लचकडे नेणारी आडवी नळी एका टोकाला चेसिसवर, दुसऱ्या टोकाला बेलहाउसिंगवर (क्लचभोवतीच्या कवचावर) टेकलेली असते. इंजिन रबरी माउंटिंगवर हलले की नळीला जोडलेला क्लचचा दांडाही ओढला जातो. चोर्ला घाटाच्या चढावर गाडी उचलताना थरथरते, त्याचे हे एक कारण.

सुटे भाग घेण्याआधी फोर्कच्या (क्लच सोडवणाऱ्या तरफेच्या) टोकाची चाल मोजा, आणि जुना दांडा फोर्क ओढतो की ढकलतो तेही पाहा, कारण बहुतेक स्लेव्ह सिलिंडर (फोर्क हलवणारे) ढकलणारेच असतात. मास्टर सिलिंडर (पेडलने दाबला जाणारा) ५/८ इंची व्यासाचा, स्लेव्ह ३/४ इंची घेतला तर मास्टरच्या २५ मिमी चालीला स्लेव्ह सुमारे १७ मिमी सरकतो. स्लेव्ह ७/८ इंची घातला तर जेमतेम १३. क्लच पुरता सुटत नाही, गिअर करकरतात. उलट मोठा मास्टर आणि लहान स्लेव्ह जोडला तर पेडल जड होते आणि चाल गरजेपेक्षा जास्त होऊन प्रेशर प्लेटची (क्लच दाबून धरणाऱ्या तबकडीची) बोटे दुखावतात. म्हणून पेडलखाली चाल अडवणारा थांबा हवाच.

स्लेव्हचा कंस बेलहाउसिंगच्याच बोल्टवर, ६ मिमी पट्टीचा करा. पाइप स्टीलचा, पण गिअरबॉक्सकडचा शेवटचा तुकडा लवचिक होजचा. हवा काढायचे निपल सर्वांत वर यायला हवे, नाहीतर कितीही ब्लीडिंग केले तरी पेडल स्पंजासारखेच राहते. पुशरॉड (पेडलचा दांडा) आणि मास्टरच्या पिस्टनमध्ये १ मिमी फट ठेवा. ती नसेल तर ऑईल परत टाकीत जात नाही, दाब अडकतो आणि गरम झाल्यावर क्लच घसरू लागतो.

जुन्या बाजारातला सिलिंडर उघडून आत नख फिरवा. खड्डा लागला तर तो परत करा. नवे सील त्यावर टिकणार नाही. ब्रेक ऑईल हवेतला ओलावा शोषते, म्हणून आपल्याकडे ते दर पावसाळ्यानंतर बदलावे.

काढलेली नळी, दांडे आणि बॉल ग्रीस लावून पोत्यात बांधून ठेवा. गाडी कधीही मूळ रूपात आणता येईल.

— जुन्या गाड्यांचे काम करणारे, म्हापसा