तापोळ्याच्या पलीकडे

सातारा

प्रिय मन्या,
सप्रेम नमस्कार.

फोनवर तू विचारलंस, "तापोळ्याच्या पुढे आहे काय एवढं?" सविस्तरच लिहितो.

महाबळेश्वरजवळच्या तापोळ्याला सोळशी आणि कांदाटी या नद्या कोयनेला मिळतात. आता कोयना धरणाच्या पाण्यात तिन्ही बुडाल्यात, संगम फक्त सांगण्यापुरता. तिथे गाडी बार्जवर, म्हणजे गाड्या पलीकडे नेणाऱ्या सपाट बोटीवर, चढवली आणि पलीकडच्या काठाने शिंदी गावाच्या दिशेने निघालो. थोडं डांबर, मग लाल माती, मग नुसत्या चाकोऱ्या आणि मधे बंपरला लागेल एवढं गवत.

पावसाने चाकोऱ्या अशा कापल्यात की चाकं आत घातली तर गाडीचं पोट टेकतं. म्हणून एका बाजूची चाकं मधल्या वरंब्यावर, दुसऱ्या बाजूची कडेच्या काठावर, आणि वेग माणसाच्या चालीचा. टायरची हवा 32 पीएसआयवरून 22 वर आणली होती, त्यामुळे दगडांवर पकड छान मिळाली. उतारावर फोर-लो (चारही चाकांना जोर, वेग अगदी कमी), पहिला गिअर आणि ब्रेकवरचा पाय काढलेला. इंजिनच गाडी धरून ठेवतं. हे तुझ्या गळी उतरणार नाही, पण ब्रेक दाबलास की ओल्या मातीत चाकं अडकून गाडी घसरलीच समज. ओढ्यात मात्र आधी काठी घेऊन स्वतः उतरलो. तळाला गोटे लागले, तेव्हाच गाडी घातली.

एवढं सगळं करून मी मनातल्या मनात मिरवत होतो, तोच समोरून वडाप, म्हणजे गावोगावची माणसं भरून नेणारी भाड्याची गाडी, आलं. जुनाट जीप, आत-बाहेर माणसं, टपावर गॅसची सिलिंडरं आणि फोर-व्हीलचं नाव नाही. ड्रायव्हरने वळणापर्यंत सरळ मागे घेऊन मला वाट दिली. तोंडातलं पानसुद्धा हललं नाही!

पुढच्या एका वाडीत निम्म्या घरांना कुलपं. साठच्या दशकात धरण भरलं, तळातली भातखाचरं गेली. मग 1967 चा भूकंप. तरणी माणसं मुंबईला लागली, ती शिमग्याला येतात. एका आजोबांनी चहा दिला आणि पहिलाच प्रश्न केला, "डांबर कवा पडायचं?" पावसाळ्यात आजारी माणसाला आधी लाँच गाठावी लागते, म्हणाले. मला तर ही वाट अशीच हवी होती. त्यांच्यासमोर ते बोलवेना, चहा पीत बसलो.

तिथून पुढे रघुवीर घाट उतरून कोकणातल्या खेडला निघता येतं. उजेडातच उतरायचा. कोयना अभयारण्य 2010 पासून व्याघ्र प्रकल्पात आहे, त्यामुळे हौस म्हणून रानात गाडी घालायची नाही, आत्ताच सांगतो.

दिवाळीनंतर माती वाळते, तेव्हा ये. तुझी ती चकचकीत गाडी सोसायटीतच राहू दे, माझीच नेऊ. टाकी महाबळेश्वरला भरू. आजोबांसाठी चहापत्तीचा मोठा पुडा तू आण.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
सुध्या