बारक्या खाडखाड वाचतो भो!

काय भो पक्या,

तुझे तीन व्हॉइस नोट आले, ऐकले नाही अजून. मी मुद्दाम लिहून पाठवतोय, बघू तू किती वाचतो ते.

दिवाळीच्या सुट्टीत ताईचा बारक्या आलाय इकडे, पाचवीला आहे. परवा ओसरीवर शेंगा फोडत बसलो होतो, म्हटलं आण पुस्तक, वाच. तर गडी खाडखाड वाचायला लागला, मला वाटलं वा! मग लक्षात आलं की हा पहिली दोन अक्षरं बघतो अन् पुढचं ठोकून देतो, ‘कापणी’ला ‘कापूस’, ‘पावती’ला ‘पावसाळा’. जोडाक्षर आलं की सरळ खालच्या ओळीवर उडी. शेवटी विचारलं, काय होतं रे धड्यात? तर म्हणे, ‘मामा, तू फक्त वाच म्हटला होता.’

आता याला काय बोलणार! ‘असर’चा सर्वे असतो ना खेड्यापाड्यातल्या पोरांचा, त्यात दुसरीचा उतारा वाचता येणारी पाचवीची पोरं २०१८ ला देशात जेमतेम निम्मी होती. कोरोनात शाळा बंद पडल्या अन् २०२२ ला शंभरात त्रेचाळीसवर आली, २०२४ ला परत एकोणपन्नासच्या जवळ. म्हणजे सगळं खापर मोबाईलवर फोडतात ते मला काही पटत नाही, आधी तरी कुठं दिवे लावले होते? पहिली-दुसरीत पाया कच्चा राहतो अन् पुढं मास्तरला धडे संपवायची घाई, पोरगं तसंच वर सरकत जातं.

अन् आपण तरी काय रे. पोळ्याच्या आसपास कपाशीवर फवारायचं औषध आणलं, सोबतचा कागद वाचायला घेतला, बारीक अक्षर, तिसऱ्या ओळीला कंटाळा आला अन् दुकानदारालाच फोन लावला किती टाकू म्हणून. मी, बी.ए. झालेला माणूस! बाटलीवर लाल त्रिकोण होता, म्हणजे सगळ्यात जहाल विष, तो दिसला म्हणून निदान हातमोजे तरी घातले.

आपल्या बहिणाबाईंना अक्षरओळख नव्हती हे लोक लय कौतुकानं सांगतात, पण त्यांच्या पोरानं, सोपानदेवांनी, त्यांच्या कविता उतरवून घेतल्या नसत्या तर आपल्याला काय घंटा कळलं असतं?

असो. आता मी पुस्तक बाजूला ठेवलंय, बारक्याला जे दिसेल ते वाचायला लावतो, दुकानाच्या पाट्या, बिस्किटाचा पुडा, लग्नपत्रिका. काल भुसावळ स्टँडवर एसटीची पाटी वाचली त्यानं, हळूहळू पण बरोबर, ‘रावेर, मार्गे फैजपूर, सावदा.’ मी खूश. मग मला विचारतो, ‘मामा, हे मार्गे गाव कुठं आलं?’

तुझा,
बंड्या