आई, तुझं ते वाक्य सांगू का?

लेस्टर, इंग्लंड, रविवार

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

फोनवर माझ्या भत्त्याच्या तपासणीचा विषय निघाला की आईचा आवाज बदलतो आणि मग मीच दुसरं काहीतरी बोलायला लागते. म्हणून यावेळी पत्र. सावकाश वाचा. बाबांनी आईला मोठ्याने वाचून दाखवलं तरी चालेल, पण शेजारच्या काकू बसलेल्या असताना नको.

इथल्या एका विद्यापीठात पीएचडी करणारी एक मुलगी आमच्या एमएसच्या, म्हणजे माझ्या मल्टिपल स्क्लेरोसिस या मज्जासंस्थेच्या आजाराच्या रुग्णांच्या, गटात आली होती. अपंगत्वाच्या भत्त्यासाठी इथे जी तपासणी होते, ती ज्यांच्या वाट्याला आली त्यांच्या मुलाखती ती घेतेय. तपासायला आलेल्या माणसाने काय विचारलं, अहवालात काय उतरलं, घरच्यांनी ते कसं सोसलं, हे तिला त्या त्या माणसाच्या तोंडून ऐकायचंय. आपल्याकडच्या, म्हणजे भारतीय, पाकिस्तानी, बांगलादेशी घरांतून कुणी सहसा बोलायला तयार होत नाही, म्हणून तिने मला मुद्दाम विचारलं. मी लगेच होकार दिला नाही. माहितीपत्रक घरी आणलं, तुमच्या जावयांनी आणि मी दोघांनी वाचलं, तिला ईमेलवर भरपूर प्रश्न विचारले. आता माझं मन तयार झालंय. पण मला जे सांगायचंय त्यातला एक भाग आईचा आहे आणि तिला विचारल्याशिवाय मी तो बोलणार नाही.

बाबा, तुम्ही तहसील कचेरीत संजय गांधी निराधारच्या टेबलावर काम केलंय, तेव्हा यातली मेख तुम्हाला लगेच कळेल. आपल्याकडे जिल्हा रुग्णालयाचा दाखला येतो, त्यावर टक्का असतो. चाळीस असला तर पुढे सरकायचं, नाहीतर परत फिरायचं. इथे टक्का नाही, गुण आहेत. पिप (पर्सनल इंडिपेंडन्स पेमेंट) नावाचा हा भत्ता 2013 मध्ये आला. आजाराचं नाव काय, याला त्यात गुण नाहीत. रोजची दहा कामं धरलीत: स्वयंपाक, जेवण, औषधपाणी, अंघोळ, संडास-लघवी, कपडे, बोलणं, वाचणं, माणसांत मिसळणं आणि पैशांचे व्यवहार. शिवाय हिंडण्याफिरण्याच्या दोन गोष्टी. एका भागात आठ गुण झाले की साधा दर, बारा झाले की वाढीव. अर्ज सरकारी खात्याकडे जातो, तपासणी मात्र कंत्राट घेतलेल्या कंपनीची माणसं करतात. त्यात नर्स असतात, फिजिओथेरपिस्ट असतात, डॉक्टर क्वचित.

तुम्ही मागे विचारलं होतंत, नोकरी करतेस, नवराही कमावतो, मग परक्या देशाच्या सरकारकडून पैसे कशाला घ्यायचे? हा भत्ता बेकारीचा नाही. अपंगत्वामुळे जो वरखर्च होतो त्यासाठी तो आहे, त्यामुळे पगाराशी त्याचा संबंधच नाही. मी आठवड्यातले तीन दिवस कामावर जाते ते टॅक्सीने. पाय अचानक दगा देतात, म्हणून बस सोडली. व्हिसावर होतो तोवर आमच्या कार्डावर ‘सरकारी निधी नाही’ असंच छापलेलं होतं आणि तेव्हा आम्ही काही मागितलंही नाही. कायम राहण्याचा परवाना मिळाल्यानंतरच अर्ज केला. कर तर पहिल्या पगारापासून भरतोय.

कागदावर नियम चांगला आहे, हे मी तिला सांगणार आहे. एखादं काम ‘जमतं’ असं म्हणायचं तर ते सुरक्षितपणे, बऱ्यापैकी नीट, लागेल तितक्या वेळा आणि वाजवी वेळात जमलं पाहिजे, असं नियमातच आहे. वर्षातल्या निम्म्याहून जास्त दिवसांची परिस्थिती धरायची, असंही आहे. एमएसवाल्यांसाठी हे फार मोलाचं. सकाळी मी जिना चढून जाते आणि संध्याकाळी त्याच जिन्याच्या पहिल्या पायरीवर बसून राहते, दोन्ही खरं. हे चारही प्रश्न एकेका कामाला लावून विचारले तर अर्धे तंटे उभेच राहणार नाहीत. विचारले जात नाहीत, हीच माझी तक्रार आहे.

आता तो दिवस. आई, तू इथे सहा महिने होतीस तेव्हाचा. तपासायला बाई घरी आल्या, लॅपटॉप मांडीवर घेऊन सोफ्याच्या कडेवर बसल्या. वाईट वागल्या असं मी कधीच म्हणणार नाही. तू केलेला चहा त्यांनी घेतला, हसून बोलल्या. त्या दिवशी पहाटे तू मला न्हाऊ घातलं होतंस. टबात प्लास्टिकचं स्टूल, माझा एक हात भिंतीच्या दांड्याला, आणि तू बाहेरून वाकून तांब्याने पाणी घालत होतीस. टबातून बाहेर काढताना तुझी साडी गुडघ्यापर्यंत भिजली. मग केस पुसून, तेल लावून तू घट्ट वेणी घातलीस, कारण परकं माणूस घरी यायचं होतं.

बाईंनी माझ्याशी बोलून झाल्यावर तुझ्याकडे वळून विचारलं, मुलीला घरात कितपत जमतं? आणि तू म्हणालीस, “माय डॉटर व्हेरी स्ट्राँग. ऑल वर्क शी डू.”

अहवालात ते जसंच्या तसं आलं. ‘आईच्या सांगण्याप्रमाणे सर्व कामं स्वतः करते.’ त्याच्या खाली: ‘नीटनेटकी, केस व्यवस्थित विंचरलेले.’ रोजच्या कामांना चार गुण, चालण्याला चार. अर्ज नामंजूर. जावयांनी अहवाल मोठ्याने वाचला तेव्हा तू स्वयंपाकघराच्या दारात उभी होतीस, आणि तेव्हापासून तू हा विषय काढलेला नाहीस.

आई, यात तुझा काडीचाही दोष नाही. घरी आलेल्या परक्या बाईसमोर आपल्या लेकीला अंघोळसुद्धा जमत नाही असं कुठली आई सांगेल? तू आयुष्यभर जे केलंस तेच केलंस, माझी मान वर ठेवलीस. चूक विचारण्यात होती. तुला दुभाषा लागेल का, हे कुणी विचारलं नाही. तुझ्या एका वाक्यानंतर ‘म्हणजे कसं? आज सकाळी काय काय केलं?’ असा साधा पुढचा प्रश्न आला नाही. वेणी दिसली, ती कुणी घातली हे विचारावंसं वाटलं नाही.

पुढचं तुम्हाला तुटकतुटक माहीत आहे. आधी त्याच खात्याकडे फेरविचार मागावा लागतो, तो मागितला, निकाल तोच. मग ट्रायब्युनल, म्हणजे अपील ऐकणारं न्यायाधिकरण. तिथे तिघं असतात: एक न्यायाधीश, एक डॉक्टर आणि अपंगत्वाचा अनुभव असलेलं तिसरं माणूस. मी घाबरले होते, पण त्यांनी ऐकून घेतलं. डॉक्टरांनी अहवालाचं पान उलटलं आणि विचारलं, “त्या दिवशी केस कुणी धुतले होते?” मला बोलताच येईना, जावयांनी उत्तर दिलं. स्वयंपाकाला उंच स्टूल लागतं त्याचे दोन, टबात उतरायला-चढायला माणूस लागतं त्याचे तीन, संडासच्या दांड्यांचे दोन, कमरेखालचे कपडे घालायला मदत लागते त्याचे दोन. नऊ झाले. काठी घेऊन वीस मीटरच्या पुढे पण पन्नासच्या आत चालते, त्याचे दहा. ट्रायब्युनलपर्यंत गेलेल्यांपैकी निम्म्याहून जास्त जणांचे निकाल असेच बदलतात. पण तिथवर जायची ताकद किती जणांत उरते? आमच्या गटातल्या एक आजी फेरविचाराचं पत्र आलं तेव्हाच थांबल्या.

आता तुमच्या मनात येईल तेच माझ्याही मनात आलं. मुलाखत दिली आणि ती खात्याच्या कानावर गेली तर? माझा भत्ता ठरावीक मुदतीचा आहे, पुढे पुन्हा तपासणी होणार. बाबा, तुम्ही नेहमी म्हणता की सरकारी फायलीत आपल्या हाताने जादा कागद घालू नये. मी तिला स्पष्ट विचारलं. पैसा विद्यापीठाचा आहे, खात्याचा नाही. विद्यापीठाच्या नैतिकता समितीची मंजुरी आहे. बोलणं रेकॉर्ड होईल, टंकून झालं की रेकॉर्डिंग पुसलं जाईल, नाव बदललं जाईल. मुलाखतीनंतरही ठरलेल्या तारखेपर्यंत मला कारण न देता माघार घेता येते. कुणाच्या जिवाला धोका आहे असं वाटलं तरच ती गुप्तता मोडेल, हेही पत्रकात लिहिलंय, लपवलेलं नाही.

नाव बदलून मात्र पुरत नाही. या शहरात एमएस असलेल्या मराठी बायका असतील किती? गणपतीला हॉलमध्ये जमणाऱ्या कुणीही वाचलं तर दोन वाक्यांत ओळखेल. तिने याचा विचार केलेला होता. शहर लिहिणार नाही, भाषा लिहिणार नाही, ‘दक्षिण आशियाई स्त्री’ एवढंच लिहील, आणि छापायच्या आधी माझ्या तोंडचे उतारे मला दाखवेल. आणि दमण्याचं म्हणाल तर मुलाखत दोन दिवसांत विभागून, घरीच, मध्ये आडवं पडायची मुभा ठेवून घ्यायची असं ठरलंय.

तरीही कशाला, असं आई म्हणेल. झालं ते झालं, भत्ता मिळाला, पुन्हा का उकरायचं?

मार्च 2025 मध्ये सरकारने एक प्रस्ताव आणला होता. रोजच्या कामांच्या भागात एकूण आठ गुण असले तरी पुरणार नाहीत, निदान एका कामात एकदम चार हवेत, असा. माझे बघा: दोन, तीन, दोन, दोन. नऊ असूनही तो भाग हातचा गेला असता. खूप आरडाओरड झाली, सरकारच्याच पक्षाचे खासदार उलटले आणि जुलैमध्ये ते कलम विधेयकातून काढावं लागलं. पिपचा पूर्ण फेरविचार करायचं काम मंत्री सर स्टीफन टिम्स यांच्याकडे दिलं गेलं आणि तो अपंग माणसांना बरोबर घेऊन करायचा असं ठरलं. म्हणजे नियम अजून घडतायत. अशा वेळी आपल्यासारख्या घरांतून एकही आवाज नोंदलेला नसेल तर आपल्याला काही त्रासच नव्हता असं धरलं जाईल.

आकडे आहेत इथे, चांगले आहेत. कामाच्या क्षमतेची वेगळी तपासणी असते, तिच्याबद्दल लिव्हरपूल आणि ऑक्सफर्डच्या संशोधकांनी 2015 मध्ये दाखवलं होतं की इंग्लंडच्या ज्या भागांत जास्त लोकांची फेरतपासणी झाली, तिथे मानसिक त्रास आणि नैराश्याच्या गोळ्या जास्त वाढल्या. सरकारने ते मानलं नाही, फेरतपासणीमुळेच हे झालं असं त्यातून सिद्ध होत नाही म्हणाले. पण त्या आकड्यांत भिजलेली साडी नाही. लेकीची अब्रू राखायला बोललेलं वाक्य तिच्याच विरुद्ध पुरावा कसं होतं, हे माणसाने सांगितल्याशिवाय कुणाला कळणार नाही. आमच्या गटातल्या एका गुजराती मुलीच्या सासऱ्यांनीही तपासणीला आलेल्याला असंच काहीतरी सांगितलं होतं. हे एकट्या आपल्या घरचं नाही.

आणि एक माझ्यापुरतं. तपासणीत मला काय जमत नाही ते दोन तास सिद्ध करावं लागलं. या मुलीने पहिल्याच भेटीत विचारलं, “तुम्हाला त्यांनी काय विचारायला हवं होतं?” हा प्रश्न मला अजून कुणी विचारला नव्हता. मला त्याचं उत्तर द्यायचंय.

तर आई, आता तू सांग. एक म्हणजे झालं ते सगळं सांगायचं, तुझं वाक्य, वेणी, न्हाणं. दुसरं, ‘आई’ न म्हणता ‘घरातलं वडीलधारं माणूस’ म्हणायचं आणि न्हाणं वगळायचं. तिसरं, तुझा भाग अजिबात नको, मग मी ट्रायब्युनलचंच बोलेन. तिन्हींपैकी जे म्हणशील ते मला मनापासून मान्य आहे. संकोच वाटत असेल तर नाही म्हण, माझ्यासाठी हो म्हणू नकोस.

बाबा, तुमच्याकडूनही एक हवंय. टेबलापलीकडच्या माणसाने खरं सांगावं म्हणून तुम्ही काय करायचात? एखाद्या म्हाताऱ्याला ‘जमतं का?’ असं न विचारता तुम्ही दुसरंच काही विचारायचात, हे मी लहानपणी कचेरीत डबा द्यायला यायचे तेव्हा बघितलंय, पण शब्द आठवत नाहीत. ते तिला सांगायला मला आवडेल, तुमचं नाव न घेता.

संमतीपत्र अजून सही न करता ठेवलंय. मुलाखतीची तारीख तुमचं उत्तर आल्यावरच घेईन, घाई नाही. फोनवर बोलायला जड वाटलं तर आई, बाबांकडून दोन ओळी लिहून घे आणि व्हॉट्सॲपवर फोटो पाठव. आणि बाबा, डोळ्यांचे थेंब संपत आले असतील, ते आधी आणा.

तुमची,
मनू