बाळांच्या छातीच्या सोनोग्राफीसाठी मदतीचे आवाहन

दूध पाजताना ठसका लागतो, पाजून झाल्यावर घशात घरघर राहते, छाती पुन्हा पुन्हा भरते. सेरेब्रल पाल्सी (मेंदूला इजा झाल्याने हालचालींवर नीट ताबा नसणे) असलेल्या मुलांच्या आयांना हे पाठ असते. दूध अन्ननलिकेऐवजी श्वासनलिकेत उतरते. काही मुलांना तर ठसकाही लागत नाही, आणि जास्त काळजी त्यांचीच वाटते. दर खेपेला एक्स-रे काढणे बरे नव्हे. म्हणून आमच्या बालविकास केंद्रात फुप्फुसांची सोनोग्राफी सुरू करायची आहे.

तपासणी आईच्या मांडीवरच होते, पाजण्याआधी एकदा आणि नंतर एकदा. जेल कोमट हवे. गार लागले की बाळ रडते आणि चित्र हलते. पुढे, बगलेत आणि पाठीवर, वर-खाली, दोन्ही बाजू मिळून 12 जागा बघायच्या. निरोगी फुप्फुसाच्या आवरणाची चकचकीत रेघ श्वासाबरोबर सरकते, तिच्याखाली आडव्या रेघा दिसतात. ओलसर भागात त्या पुसल्या जाऊन पडद्याच्या तळापर्यंत उभ्या रेघा येतात. घट्ट झालेला भाग थेट यकृतासारखा दिसतो. पाठ मात्र कधीच सोडू नये: आडवे झोपवून बोंडल्याने पाजलेल्या बाळाचे दूध बहुधा तिकडेच उतरते.

उभ्या रेघा सर्दी-तापातही येतात आणि आवरणापर्यंत न पोचलेला खोल डाग दिसत नाही. दूध चुकीच्या वाटेने जाताना तर सोनोग्राफी दाखवतच नाही. त्यामुळे स्पीच थेरपिस्टने गिळणे तपासणे टळत नाही.

मशीन, 7 ते 12 मेगाहर्ट्झचा लिनिअर प्रोब (छातीवर टेकवायचा सपाट तोंडाचा भाग), जेल आणि यूपीएस यांसाठी निधी हवा आहे. गिळायला सोपे जावे म्हणून दाट केलेल्या दुधाचा दाटपणा मोजायला 10 मिलिच्या सिरिंजही लागतात: भरलेली सिरिंज 10 सेकंद वाहू द्यायची, 4 ते 8 मिलि उरले तर दाटपणा IDDSI या आंतरराष्ट्रीय मोजपट्टीवर दुसऱ्या पातळीचा. रेडिओलॉजिस्टनी आठवड्यातून अर्धा दिवस दिला, तर पैशांपेक्षा मोठी मदत होईल.

एक कळकळीची विनंती: बंद दवाखान्यातले जुने मशीन परस्पर आणून देऊ नका. फक्त मुलांची छाती बघायची असली तरी गर्भलिंग निदान प्रतिबंधक कायद्याखाली प्रत्येक मशीनची नोंद लागते. देणगी केंद्राच्या नावे धनादेशाने द्या आणि पावती घ्या.

तपासणी सुरू झाली की बाळाला भुकेच्या वेळी आणा, सोबत रोजचीच वाटी, चमचा किंवा बोंडले घ्या. नव्या बाटलीने पाजले, तर घरी काय बिघडते ते कळणार नाही.