आर्बर पार्कवरच्या काका आणि ताईंचे आभार

लहानपणी बाबा वेक्सहॅम पार्क ग्राउंडला न्यायचे तेव्हापासून आम्ही इंग्लंडमधल्या स्लाउ टाउन फुटबॉल क्लबचे चाहते, 2003 ला ते ग्राउंड सुटलं, टीम वर्षानुवर्षं दुसऱ्यांच्या मैदानांवर खेळली, 2016 ला आर्बर पार्क हे नवं ग्राउंड मिळालं तरी बाबांचं जुन्या ग्राउंडचं पुराण चालूच असतं. परवा शनिवारी तेच सांगता सांगता त्यांची शुगर एकदम उतरली, दरदरून घाम, हात थरथरायला लागले, मी पार गांगरलो. मागच्या एका काकांनी त्यांना धरून खाली बसवलं, टी बारवरच्या ताई काउंटर सोडून भरपूर साखरेचा चहा घेऊन आल्या, चटका बसू नये म्हणून वरून गार दूध घातलेला, आणि कप स्वतः धरून घोट घोट पाजला. काका तोवर वारा अडवत मॅचकडे पाठ करून उभे (आणि नेमका तेव्हाच गोल झाला!). नावं विचारायची राहूनच गेली. दोघांचेही मनापासून आभार, बाबा आता ठणठणीत आहेत.