गळवाचा पू आधी तपासायला पाठवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

उन्हाळा लागला की गळवांचे रुग्ण वाढतात आणि सगळा दोष आंब्यावर नाहीतर ‘अंगातल्या उष्णते’वर जातो. घामाने, कपडे घासल्याने कातडीला इजा होते हे खरे. पण पू धरवणारा बहुतेक वेळा स्टॅफिलोकोकस ऑरियस हा जिवाणू असतो. केसतूड, पापणीवरची रांजणवाडी, मधुमेह्यांच्या मानेवर उठणारी काळपुळी, लहान मुलांच्या नाकातोंडाभोवती मधाच्या रंगाच्या खपल्या धरणारा इम्पेटिगो, या सगळ्यांमागे बहुधा तोच.

स्कॉटलंडमधील ॲबर्डीनचे सर्जन अलेक्झांडर ऑग्स्टन यांनी १८८० च्या सुमारास गळवातल्या पुवात द्राक्षांच्या घडासारखे दिसणारे हे गोल जिवाणू पाहिले. पण नुसता घड दिसला म्हणून निदान होत नाही. स्टॅफिलोकोकस एपिडर्मिडिसही तसाच दिसतो आणि तो धडधाकट माणसाच्या कातडीवर कायमच असतो. दोघांतला फरक कळतो कोॲग्युलेज चाचणीत. ट्यूबमध्ये सशाचा प्लाझ्मा (रक्तातला पेशी काढलेला द्रव) घ्यायचा, त्यात जिवाणू मिसळायचे, ३७ अंशांवर ठेवायचे आणि ४ तास अधूनमधून ट्यूब हलकेच तिरपी करून बघायची. प्लाझ्मा गोठला तर ऑरियस. इतकी साधी, स्वस्त चाचणी असताना ‘स्टॅफ आढळला’ एवढ्यावर संपणारे रिपोर्ट रुग्णांच्या हाती पडतात, याचे प्रयोगशाळेत उमेदीची वर्षे घालवलेल्या माझ्यासारख्याला फार वाईट वाटते.

पुढची पायरी याहून मोलाची. ब्रिटनमध्ये १९६१ साली नोंदला गेलेला एमआरएसए, म्हणजे मेथिसिलिन या प्रतिजैविकाला दाद न देणारा ऑरियस, आज आपल्याकडेही सर्रास सापडतो. तो ओळखायला, जंतू वाढवायच्या बशीत ठेवलेल्या सेफॉक्सिटिन या प्रतिजैविकाच्या चकतीभोवती जंतू न वाढलेले वर्तुळ मोजायचे. व्यास २१ मिलिमीटर किंवा त्याहून कमी भरला, तर तो एमआरएसए. मग सेफॅलेक्सिन, अमॉक्सिसिलिनसारख्या नेहमीच्या गोळ्या कितीही दिवस घेतल्या तरी उपयोग नाही.

प्रत्यक्षात काय होते? रुग्ण दुकानातून स्टेरॉइड मिसळलेले मलम आणतो. लाली उतरते, आत जंतू फोफावतो. मग कुणीतरी सांगितलेल्या गोळ्या दोन दिवस घेऊन सोडतो आणि नंतर आमच्याकडे येतो. अशा वेळी कल्चरमध्ये (प्रयोगशाळेत जंतू वाढवून बघायच्या तपासणीत) काहीच उगवले नाही तर नवल नाही. पू घ्यायचा तो प्रतिजैविकाचा पहिला डोस देण्याआधी, आणि जमेल तिथे आतून सुईने ओढून. वरवर पुसलेल्या बोळ्यावर कातडीचेच जंतू येतात. लहान गळवाला तर डॉक्टरांनी चिरा देऊन पू काढला की अनेकदा गोळ्याही लागत नाहीत. घरी मात्र कुणी पिळू नये.

गळवे पुन्हापुन्हा येत असतील तर नाकातला स्वॅबही तपासावा. साधारण दहातल्या तिघांच्या नाकात हा जंतू कोणताही त्रास न देता राहतो आणि घरातला सामाईक टॉवेल, रेझर यांवरून पसरतो.

आरोग्य विभागाला विनंती, की प्रत्येक उपजिल्हा रुग्णालयात पुवाचे कल्चर, कोॲग्युलेज आणि सेफॉक्सिटिन या तिन्ही तपासण्या व्हाव्यात आणि त्यांचे निकाल रिपोर्टवर स्पष्ट लिहिले जावेत.

– एक निवृत्त प्रयोगशाळा तंत्रज्ञ, सातारा